अमुक लांबीचा, तमुक अक्षरं असलेला इंग्रजी शब्द शोधायचा कसा?

पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द हवा आहे. त्यात सी, ए आणि एच ही तिन्ही अक्षरं हवीत, कुठल्याही जागी असली तरी चालतील. एस, टी, ई, आर आणि एन मात्र कुठेच नकोत. पुढचं वाचण्याआधी दोन मिनिटं विचार करून बघा.

मी ज्यांना ज्यांना हे कोडं घातलं, त्यांना 'चॉक' लगेच सुचला. सी-एच-ए-एल-के. काहींना पाठोपाठ 'चॅम्प' सुचला. मग गाडी अडली. 'कोच' कुणालाच सुचला नाही, आणि तो तर आपण मराठी बोलतानाही वापरतो. कारण साधं आहे. 'कोच' म्हणताना त्यातला ए ऐकूच येत नाही. स्पेलिंग आहे सी-ओ-ए-सी-एच, पण कानावर पडतात ते फक्त क, ओ आणि च.

आपण इंग्रजी शब्द डोक्यात ठेवतो ते उच्चाराने. देवनागरीत वाढलेल्या माणसाला ते स्वाभाविकच आहे, कारण आपल्याकडे बहुतांशी जसं बोलतो तसंच लिहितो. शब्दकोडं, वर्डल (सहा संधींत पाच अक्षरी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ), स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या जुळवून पटावर शब्द मांडायचा खेळ) हे खेळ मात्र उच्चार विचारत नाहीत, स्पेलिंग विचारतात. म्हणून डोळे मिटून शब्द आठवत बसलं की थोड्या वेळात डोकं रिकामं होतं. त्याऐवजी कागदावर चौकटी आखाव्यात आणि इंग्रजी स्पेलिंगला ज्या सवयी आहेत त्यांच्या आधाराने त्या भरत जावं. शब्द आठवायचा नाही, तो चौकटींतून बाहेर यायला हवा. मी ही पद्धत अनेक वर्षं वापरते आहे. ती नीट शिकता येते, त्यासाठी प्रचंड शब्दसंग्रह लागत नाही.

मोजायचं काय, हे आधी पक्कं करा

मराठीत 'अक्षर' म्हणजे स्वरासकट उच्चारलेला तुकडा. 'स्ट्रेंग्थ' आपण दोन अक्षरांत लिहितो. इंग्रजीत तो आठ अक्षरी आहे: एस-टी-आर-ई-एन-जी-टी-एच. 'क्यू' म्हणजे रांग. मराठीत एक जोडाक्षर, इंग्रजीत पाच अक्षरं: क्यू-यू-ई-यू-ई. म्हणून 'पाच अक्षरी शब्द' असं ऐकलं की मनातल्या मनात मराठी अक्षरं मोजली जातात आणि पहिल्याच पायरीवर घोळ होतो. सवय अशी लावा: शब्द सुचला की तो उच्चारू नका, त्याचं स्पेलिंग मोठ्याने म्हणा आणि प्रत्येक अक्षराला एक बोट मिटा. पोरकट वाटेल, पण याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

लांबीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी: स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन? आपण शाळेत 'कलर' सहा अक्षरांत शिकतो, सी-ओ-एल-ओ-यू-आर. अमेरिकेत त्यातला यू गळतो आणि तो पाच अक्षरी होतो. 'ह्यूमर' आणि 'फेव्हर' यांचंही तसंच. वर्डलमध्ये २०२२ च्या फेब्रुवारीत 'ह्यूमर' हे उत्तर आलं ते यू गाळलेलं, एच-यू-एम-ओ-आर, आणि ब्रिटिश स्पेलिंगची सवय असलेले खेळाडू चांगलेच वैतागले. 'सेंटर', 'फायबर' यांच्यात लांबी तीच राहते पण शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल होते. खेळ कुठला आहे आणि त्याची यादी कुठल्या देशाची आहे, हे माहीत नसेल तर बरोबर शब्दही चूक ठरतो.

प्रश्न कुठल्या जातीचा आहे?

असे प्रश्न तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. पहिल्यात काही अक्षरं जागेसकट माहीत असतात: तिसरं अक्षर ए, शेवटचं वाय. हा शब्दकोड्याचा प्रश्न. दुसऱ्यात अक्षरं माहीत असतात पण जागा माहीत नसते, शिवाय काही अक्षरं बाद झालेली असतात. हा वर्डलचा प्रश्न, आणि वरचं कोडंही याच जातीचं. तिसऱ्यात हातात ठरावीक अक्षरं असतात आणि त्यांतूनच शब्द जुळवायचा असतो; हा स्क्रॅबलचा प्रश्न. दुसऱ्या प्रकारात माणसं सगळ्यात जास्त चाचपडतात, म्हणून मी तिथेच जास्त वेळ थांबणार आहे.

चिकट अक्षरं आधी बसवा

इंग्रजीतली काही अक्षरं एकटी हिंडत नाहीत. एच हे त्यातलं ठळक उदाहरण. तो बहुतेक वेळा एकतर शब्दाच्या सुरुवातीला येतो, नाहीतर सी, एस, टी, पी, डब्ल्यू किंवा जी यांच्या मागे चिकटून येतो. दोन स्वरांच्या मध्ये एकटा एच 'अहेड', 'बिहेव्ह' अशा थोड्याच शब्दांत सापडतो. के हा बऱ्याचदा सीच्या मागे असतो, पण सीके ही जोडी शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही. क्यू दिसला की त्याच्या मागे यू आणि त्या यूच्या मागे आणखी एक स्वर धरून चाला. डब्ल्यू पुढे असेल तर त्याच्या मागे स्वर, एच किंवा आर असतो. शब्दाची सुरुवात तीन व्यंजनांनी होत असेल तर एसटीआर, एससीआर, एसपीआर, एसपीएल, टीएचआर, एसएचआर, एससीएच असे मोजकेच गट शक्य असतात.

याचा उपयोग असा. अक्षरं जितकी सुटी, तितक्या त्यांच्या मांडण्या जास्त. दोन अक्षरं चिकटवून एक ठोकळा केला की मांडण्या एकदम कमी होतात. आता सुरुवातीच्या कोड्याकडे परत येऊ.

आपल्याला सी आणि एच दोन्ही हवेत, म्हणजे सीएच हा ठोकळा होण्याची शक्यता मोठी. पाच चौकटींत दोन अक्षरांचा ठोकळा फक्त चार ठिकाणी बसतो. एकेक जागा तपासू.

ठोकळा अगदी पुढे: सी-एच-□-□-□. ए तिसऱ्या जागी ठेवला की 'चॉक', 'चॅम्प' आणि 'चॅफ' मिळतात. चॅफ म्हणजे धान्याचा भुसा, सी-एच-ए-एफ-एफ. ए चौथ्या किंवा पाचव्या जागी नेला तर रोजच्या वापरातलं काही हाती लागत नाही, कारण ई, आर आणि एन बाद आहेत. म्हणजे 'चीप' आणि 'चायना'ही गेले.

ठोकळा दुसऱ्या-तिसऱ्या जागी: □-सी-एच-□-□. इथे शिंकेचा आवाज दाखवणारा 'अचू' सोडला तर काही नाही. पुढे जाऊ.

ठोकळा तिसऱ्या-चौथ्या जागी: □-□-सी-एच-□. 'माचो' आणि 'मोचा'. मोचाचा इंग्रजी उच्चार खरं तर 'मोका' असा, त्यामुळे च शोधणारा कान त्याच्यापर्यंत पोचतच नाही. 'यॉट' याच साच्यातला, वाय-ए-सी-एच-टी, आणि त्यात तर सीएच मुळीच ऐकू येत नाही. पण टी बाद आहे, म्हणून तोही बाद.

ठोकळा शेवटी: □-□-□-सी-एच. 'कोच' आणि 'पोच', दोन्हींत ओएची जोडी.

आता सी आणि एच वेगळे करून बघायचे. एच सुरुवातीला असेल तर 'हॅवक', एच-ए-व्ही-ओ-सी. एच डब्ल्यूला चिकटलेला आणि सी केला चिकटलेला असेल तर 'व्हॅक', डब्ल्यू-एच-ए-सी-के.

झाले नऊ शब्द: चॉक, चॅम्प, चॅफ, माचो, मोचा, कोच, पोच, हॅवक, व्हॅक. मोठ्या कोशात 'डाचा', 'लोच' असे आणखी काही आडवळणाचे सापडतील, पण नेहमीच्या वापरातले हे नऊ. यातला एकही मी आठवून काढला नाही. ठोकळा सरकवत गेलो की चौकटीच सांगतात.

नऊतून एक निवडताना

शब्दकोडं असेल तर सूचनेचा अर्थ बघून निवड होते. वर्डलमध्ये अर्थ नसतो, अंदाज लावावा लागतो, आणि इथे बहुतेक जण जो शब्द 'असावा' असं वाटतं तो टाकतात. त्यापेक्षा हे विचारा: कुठला शब्द टाकला तर उरलेल्या शब्दांचे जास्तीत जास्त गट पडतील?

वर्डलमध्ये टाकलेल्या शब्दाचं प्रत्येक अक्षर रंगतं: जागेवर असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, शब्दात नसेल तर करडं. समजा 'हॅवक' टाकला. उत्तर चॉक, चॅम्प, चॅफ किंवा व्हॅक असेल तर चारही वेळा सारखेच रंग मिळतात. मोचा, कोच आणि पोच हे तिघंही एकसारखे रंग देतात. माचो वेगळा पडतो, हॅवक स्वतः वेगळा. नऊ शब्दांचे चार गट.

आता 'मोचा' टाकून बघा. एम फक्त माचो, मोचा आणि चॅम्पमध्ये आहे. ओ कोच-पोचमध्ये दुसऱ्या जागी आहे, हॅवकमध्ये चौथ्या आणि माचोमध्ये पाचव्या. त्यामुळे चॅम्प, माचो, मोचा आणि हॅवक हे चौघं एकटे पडतात, कोच-पोच यांचा एक गट होतो आणि चॉक-चॅफ-व्हॅक यांचा दुसरा. नऊ शब्दांचे सहा गट, आणि मोठ्यात मोठा गट तिघांचा. अंदाज म्हणून मोचाच टाकायला हवा, मग उत्तर मोचा असण्याची शक्यता बाकीच्यांइतकीच का असेना.

याचंच टोकाचं रूप म्हणजे 'आयजीएचटी'चा सापळा. पहिली चौकट रिकामी आणि पुढे आय-जी-एच-टी पक्कं. इथे फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट आणि एट, म्हणजे आठ आकडा, हे आठही बसतात. एकेक टाकत गेलात तर सहा संधींत खेळ संपतो. त्याऐवजी 'फिल्म्स' टाका, एफ-आय-एल-एम-एस. हा उत्तर असूच शकत नाही, हे माहीत असूनही टाका. एफ, एल, एम, एस या चारांपैकी कुठलं अक्षर लागलं त्यावरून फाइट, लाइट, माइट की साइट ते तिथल्या तिथे कळतं. चारही कोरे गेले तर 'एंटर' टाका, ई-एन-टी-ई-आर. ई लागला तर एट, एन लागला तर नाइट, आर लागला तर राइट, आणि तिन्ही कोरे गेले तर टाइट. आठ शक्यता, दोन प्रश्न. वर्डलच्या हार्ड मोडमध्ये मात्र सापडलेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात, तिथे ही युक्ती चालत नाही. म्हणून त्या मोडमध्ये अशा शेपटीच्या वाटेला लवकर जाऊच नये. 'एटीसीएच' म्हणजे बॅच, कॅच, मॅच, वॉच, आणि 'ओयूएनडी' म्हणजे बाउंड, फाउंड, राउंड, साउंड, हीसुद्धा अशीच लांबलचक कुटुंबं आहेत.

कुठलं अक्षर जास्त येतं, आणि कुठे

इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारं अक्षर ई, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मोर्सच्या संकेतलिपीत ईला एक टिंब आणि टीला एक रेघ दिली आहे ती त्यामुळेच. स्क्रॅबलचा जनक अल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुरचनाकार. त्याने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून सोंगट्यांची संख्या ठरवली. आजही इंग्रजी संचातल्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, तर जे, के, क्यू, एक्स, झेड प्रत्येकी एकच. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले आहेत, नाहीतर कुठल्याही शब्दाला एस लावून अनेकवचन करणं फार सोपं झालं असतं.

पण इथे एक बारकावा आहे. चालू मजकुरात मोजलं तर टी आणि एच खूप वर येतात, कारण 'द', 'दॅट', 'धिस' हे शब्द वाक्यावाक्याला असतात. शब्दांची यादी घेऊन मोजलं, म्हणजे प्रत्येक शब्द एकदाच धरला, तर एच बराच खाली घसरतो. कोड्यांसाठी ही दुसरी मोजणीच कामाची. जोश वॉर्डलने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये वर्डल सर्वांसाठी खुला केला तेव्हा त्याच्या उत्तरांच्या यादीत २,३१५ शब्द होते. त्यांत ई सगळ्यात वर, मग ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन असा क्रम लागतो.

त्याहून उपयोगी आहे ती जागा. त्या यादीत पहिल्या जागी एस सगळ्यांच्या खूप पुढे, मग सी आणि बी. दुसऱ्या जागी ए, ओ, आर. तिसऱ्या जागी ए, आय, ओ. चौथ्या जागी ई, आणि पाचव्या जागी ई, वाय, टी, आर. पाचव्या जागी एस जवळजवळ नाहीच, कारण साधी अनेकवचनं उत्तरांतून वगळली आहेत. अंदाज म्हणून मात्र ती चालतात. स्क्रॅबलमध्ये याच्या उलट, शब्दाच्या शेवटचा एस तिथे सोन्यासारखा. एका खेळात कमावलेली सवय दुसऱ्यात तशीच नेऊ नये ती यामुळे.

जागा माहीत असतील तेव्हा: शेवटाकडून सुरुवात

शब्दकोड्यात आपण सवयीने डावीकडून वाचतो. मी आधी शेवटच्या चौकटी बघते. इंग्रजी शब्दाची सुरुवात शेकडो प्रकारांनी होते, शेवट मात्र थोड्याच प्रकारांनी. सात-आठ अक्षरी शब्द जीवर संपत असेल तर 'आयएनजी' हलक्या हाताने पेन्सिलीने लिहून टाका. एनवर संपत असेल तर 'टीआयओएन', वायवर संपत असेल तर 'एलवाय' किंवा 'आयटीवाय', डीवर संपत असेल तर 'ईडी'. आडव्या-उभ्या शब्दांनी यातलं एक अक्षर जरी जुळवलं तरी निम्मा शब्द हाती येतो.

शेवटी न येणारी अक्षरंही तितकीच बोलकी असतात. व्हीवर इंग्रजी शब्द सहसा संपत नाही. 'हॅव', 'गिव्ह', 'लव्ह' या सगळ्यांना शेपटीला ई लावलेला असतो तो म्हणूनच. जे आणि क्यूचंही तसंच. शेवटी जे दिसला तर शब्द बाहेरून आलेला आहे असं समजा: राज, ताज, स्वराज, हज. हे सगळे इंग्रजी कोशांत आहेत आणि आपल्याला ते इतरांपेक्षा आधी सुचायला हवेत. शेवटी आय असेल तर 'टॅक्सी', 'स्की', 'अ‍ॅलिबाय' अशा शब्दांकडे वळा, यू असेल तर 'मेन्यू', 'गुरू'.

एक उदाहरण करू. आठ चौकटी, चौथं ई, सहावं जी, शेवटचं एच. □-□-□-ई-□-जी-□-एच. शेवटच्या एचच्या आधी सी, एस, टी, पी किंवा जी. जीच्या मागे यातलं काय बसेल? टी. म्हणजे जी-टी-एच. जीटीएचच्या आधी एन असणार, 'लेंग्थ'मध्ये आहे तसा. राहिल्या पहिल्या तीन चौकटी आणि त्यांच्यापुढे ई. तिन्ही व्यंजनं धरली तर एसटीआर. स्ट्रेंग्थ.

हातात अक्षरं असतील तेव्हा

सोंगट्या एका ओळीत ठेवल्या की डोळा ती ओळच वाचत राहतो. गोलाकार मांडा, किंवा सतत जागा बदलत राहा. मग शेपट्या आणि मुंडकी बाजूला काढा. समजा ए, डी, ई, आय, एन, आर, टी ही सात आहेत. 'ईडी' बाजूला काढलं तर उरतात ए, आय, एन, आर, टी, म्हणजेच 'ट्रेन'. दोन्ही जोडून 'ट्रेन्ड'. 'डीई' पुढे लावलं तर 'डीट्रेन', म्हणजे गाडीतून उतरणं. दोन्ही चालतात.

स्क्रॅबलचे मुरलेले खेळाडू यापुढे जाऊन सहा अक्षरांचे काही गट पाठ करतात, ज्यांना सातवं जवळजवळ कुठलंही अक्षर जोडलं तरी शब्द होतो. सगळ्यात गोड गट म्हणजे 'रेटिना': आर-ई-टी-आय-एन-ए. सी जोडला तर 'सर्टन'. जी जोडला तर 'ग्रॅनाइट' किंवा 'टेअरिंग'. के जोडला तर 'केराटिन', एल जोडला तर 'रिलायंट', एम जोडला तर 'मिनारेट', पी जोडला तर 'पेंटर', 'रिपेंट' आणि 'परटेन', एस जोडला तर 'नॅस्टिअर', एच जोडला तर 'हेअरनेट'. एका शब्दाच्या पोटात इतकं घर आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती यादी भिंतीवर चिकटवली होती, आणि अजूनही नवशिक्यांना मी तिथूनच सुरुवात करायला सांगते. कारण शब्द म्हणजे अक्षरांचा संच, क्रम नंतरची गोष्ट, हे त्या एका यादीतून डोक्यात बसतं.

घरी सराव करताना शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लिहायची. 'स्लेट', 'स्टील' म्हणजे चोरी करणं, 'लीस्ट', 'टेल्स' आणि 'स्टेल' या पाचांची मांडणी एकच येते: ए-ई-एल-एस-टी. वहीत मांडणी डावीकडे आणि शब्द उजवीकडे, असं पान भरत गेलं की डोळा आपोआप तयार होतो.

अडलेल्या अक्षरांसाठी

स्वर नसलेला शब्द हवा असेल तर वाय शोधा: मिथ, हिम (एच-वाय-एम-एन), क्रिप्ट, निंफ, जिप्सी, रिदम. रिदम, आर-एच-वाय-टी-एच-एम, सहा अक्षरांत पाचपैकी एकही स्वर नाही. उलट सगळेच स्वर हवे असतील तर 'सिक्वोया' या झाडाच्या नावात सात अक्षरांत पाचही स्वर आहेत, एस-ई-क्यू-यू-ओ-आय-ए. पाच अक्षरांत चार स्वर हवेत तर 'ऑडिओ' आणि 'अदिउ', ए-डी-आय-ई-यू.

यूशिवाय क्यू हवा असेल तर बहुतेक शब्द अरबी-फारसी वळणाचे: फकीर, बुरखा, तलाक, निकाब. फकीरमध्ये क्यू तिसरा, बुरख्यात चौथा, तलाकमध्ये शेवटचा. दोन अक्षरांत हवा असेल तर चिनी 'ची', क्यू-आय. दोन अक्षरी शब्दांची यादी तर स्क्रॅबल खेळणाऱ्याने पाठच करावी. कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत असे १२७ शब्द आहेत आणि उत्तर अमेरिकेच्या २०१८ च्या यादीत १०७. म्हणजे शब्द 'आहे की नाही' हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या यादीत, हे खेळाआधी ठरवलेलं असावं.

यंत्राकडून शोधून घ्यायचं असेल तर

खेळताना नाही, पण सरावासाठी, कोडी रचण्यासाठी किंवा वर्गात शिकवण्यासाठी यंत्र उत्तम. वनलुकसारख्या शोध-कोशात प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं. पाच चौकटींपैकी दोन माहीत असतील तर ती दोन अक्षरं आणि तीन प्रश्नचिन्हं टाकायची.

स्वतःची यादी असेल तर एक्सेलमध्ये एका स्तंभात एकेक शब्द ठेवा, शेजारी 'लेन' हे सूत्र लावून लांबी काढा आणि हव्या त्या लांबीचे शब्द गाळून घ्या. मग हव्या असलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एकदा आणि नको असलेल्या प्रत्येकासाठी एकदा, अशा एकामागून एक गाळण्या लावा. सगळ्या अटी एकाच सूत्रात कोंबायचा मोह होतो, पण चूक कुठे झाली ते मग सापडत नाही.

लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांसाठी 'ग्रेप' हा यादीतून ठरावीक साच्यात बसणारे शब्द शोधून देणारा प्रोग्रॅम आहे, केन थॉम्पसनने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेला. त्याची भाषा चार चिन्हांची: ^ म्हणजे शब्दाची सुरुवात, $ म्हणजे शेवट, टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, आणि चौकोनी कंस म्हणजे यापैकी कुठलंही एक. ^.....$ म्हणजे बरोबर पाच अक्षरं. सुरुवातीची आणि शेवटची खूण विसरलात तर पाचपेक्षा मोठे सगळे शब्दही येतात. नवख्यांची ही नेहमीची चूक. मॅकबरोबर येणारी शब्दांची यादी १९३४ च्या वेबस्टर कोशावरून केलेली आहे. तिच्यात सुमारे २ लाख ३५ हजार शब्द आहेत, पण अनेकवचनं आणि भूतकाळी रूपं बहुतेक नाहीत. त्यामुळे एखादा शब्द तिच्यात सापडला नाही म्हणून तो नाहीच, असं समजू नका.

चॅटबॉटला विचारत असाल तर मिळालेला प्रत्येक शब्द बोटांवर मोजा. ती यंत्रं मजकूर एकेका अक्षराने वाचत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी वाचतात. त्यामुळे 'पाच अक्षरी' म्हणून सहा अक्षरी शब्द देणं त्यांच्याकडून सहज घडतं.

सरावाला तीन

एक: पाच अक्षरं, क्यू आणि के दोन्ही हवेत, ई नको. क्यूयू पुढे ठेवा, के मागे ढकला; मध्ये दोनच चौकटी उरतात. क्विक, क्वॅक, क्वार्क, क्वर्क.

दोन: ए, ई, आय, एन, आर, टी यांत यू मिसळून सात अक्षरी शब्द. 'एटीई' ही शेपटी बाजूला काढली की उरतात यू, आर, आय, एन, आणि 'युरिनेट' समोर येतो.

तीन: आठ अक्षरं, आणि मध्ये दोन एच शेजारी-शेजारी. एच इंग्रजीत दुप्पट होत नाही. म्हणजे हा सांधा आहे: एचवर संपणारा एक शब्द आणि एचपासून सुरू होणारा दुसरा. एचवर संपणारे छोटे शब्द घ्या, 'विथ', 'फिश'. विथपुढे 'होल्ड' लावला तर विथहोल्ड, 'हेल्ड' लावला तर विथहेल्ड. फिशपुढे 'हुक'.